औषधांची असात्म्य प्रतिक्रिया : निदानाची पद्धत आणि आपली जबाबदारी

प्रस्तावना

‘गोळी घेतली आणि अंगावर पित्त उठलं’ असे सांगत येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. अशा वेळी आपण सर्वसाधारणपणे तीन गोष्टी करतो. चालू औषध बंद करतो, पित्तशामक चिकित्सा देतो आणि केसपेपरवर ‘अमुक गोळीची अ‍ॅलर्जी’ अशी नोंद करतो. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत घाईने होते आणि तिचाच परिणाम सर्वांत दीर्घकाळ टिकतो. ती नोंद रुग्णाबरोबर आयुष्यभर फिरते. ती चुकीची असेल तर एका निरपराध औषधाला रुग्ण मुकतो आणि खरे कारण मात्र मोकळे राहते.

अशी एक चूक आमच्या हातून घडली. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या निमित्ताने औषधजन्य असात्म्य प्रतिक्रियांच्या निदानाची पद्धत वैद्यबंधू-भगिनींसमोर व औषध विक्रेत्यांसमोर क्रमाने मांडण्याचा आहे.

एक रुग्णा

आजरा परिसरातील सुमारे चाळीस वर्षांची एक महिला अग्निमांद्य, आमयुक्त मलप्रवृत्ती व सांधेदुखी या तक्रारी घेऊन मे महिन्यात आमच्याकडे आली. आम्ही संजीवनी वटी व सुंठीचा काढा पाच दिवसांसाठी दिला. तिसऱ्या दिवशी काखा, जांघा, कोपराच्या लवणी व नितंब या ठिकाणी तीव्र कंडू, रक्तिमा व बारीक पुटकुळ्या उत्पन्न झाल्या. चौकशी करता असे समजले की, सांधेदुखीसाठी तिने गावातील दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. आम्हांस तेवढे पुरेसे वाटले. वेदनाशामक बंद केले व तशी ठळक नोंद केली. आमचे औषधही पाच दिवसांत संपले. आठवड्यात त्वचा पूर्ववत झाली आणि आमचे निदान बरोबर ठरल्याचे समाधान आम्ही मानले.

सुमारे दोन महिन्यांनी ती पुन्हा अतिसारासाठी आली. पुन्हा संजीवनी वटी दिली. दुसऱ्याच दिवशी त्याच ठिकाणी तोच त्रास झाला आणि या वेळी वेदनाशामक गोळी पोटात गेलेलीच नव्हती. दरम्यान दाढ दुखत असता आमची नोंद पाहून दंतवैद्यांनी तिला नेहमीची वेदनाशामक गोळी देण्याचे टाळले होते व दोन रात्री तिने कळा सोसत काढल्या होत्या. हे तिने तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगितले. आम्हांस मात्र पुढील प्रश्न विचारण्यास त्या वेळी सुचले : काम काय करता? ती म्हणाली, ‘काजूच्या कारखान्यात फोडणीला हाय. सीझनला हाताला असंच हुतंय की.’

या उत्तराचा अर्थ पुढे येईल. तत्पूर्वी विषयाची मांडणी पाहू.

संज्ञा आणि मर्यादा

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. त्याचा मूळ अर्थ ‘बदललेली प्रतिक्रिया’ असा आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या द्रव्याला एकदा ओळखते व नंतरच्या संपर्कात त्याविरुद्ध अवाजवी प्रतिक्रिया देते, असा त्याचा आशय. आपल्या परिभाषेत सर्वांत जवळची संकल्पना असात्म्याची. द्रव्य तेच, मात्रा योग्य तीच, परंतु या विशिष्ट शरीराला ते सोसत नाही.

औषधाने झालेला प्रत्येक त्रास अ‍ॅलर्जी नव्हे. निदानाची पहिली पायरी हा भेद करण्याची आहे.

१) मात्राजन्य परिणाम : विरेचनाने अधिक वेग होणे, वेदनाशामकाने आम्लपित्त वाढणे. हा द्रव्याचा गुणच आहे. मात्रा कमी केली की तो कमी होतो.

२) अ‍ॅलर्जीसदृश परिणाम : अ‍ॅस्पिरिन व त्या वर्गातील वेदनाशामकांनी काहींना गांधी उठतात किंवा श्वास लागतो. त्यामागे बहुतेक वेळा प्रतिपिंड नसून त्या औषधांची रासायनिक क्रियाच असते. म्हणून असा रुग्ण एका नव्हे, तर त्या वर्गातील अनेक गोळ्यांनी त्रस्त होतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी गांधी न उठता केवळ ओठ, जीभ वा चेहरा सुजतो. तो त्रास गोळी सुरू करून महिने वा वर्षे लोटल्यावरही होऊ शकतो आणि त्यावर अ‍ॅलर्जीची नेहमीची औषधे फारशी लागू पडत नाहीत.

३) मूळ व्याधीचेच लक्षण : ज्वरात अंगावर आलेले पुरळ गोवराचे, डेंग्यूचे वा अन्य विषाणूंचे असू शकते. तापातल्या बालकाला प्रतिजैविक दिले व पुरळ आले म्हणजे प्रतिजैविकच दोषी असे होत नाही. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली असता त्यांतील दहांपैकी नऊ वा अधिक जणांना ते औषध सोसते, असा अनेक देशांतील अनुभव आहे.

४) खरी असात्म्य प्रतिक्रिया : हिचाच विचार पुढे करावयाचा आहे.

ग्रंथोक्त आधार

चिकित्सेमुळेही व्याधी उत्पन्न होतो, ही जाणीव आपल्या ग्रंथांत स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदांचे स्वतंत्र वर्णन आहे. माधवनिदानात शीतपित्त-उदर्द-कोठ या प्रकरणात त्वचेवर उठणाऱ्या सकंडू, आरक्त मंडलांच्या हेतूंमध्ये असम्यक् वमनाचा निर्देश आहे, म्हणजेच तेथे वैद्याच्या हातून झालेल्या उपचाराला हेतूचे स्थान दिलेले आहे. तीक्ष्ण विषही युक्तीने वापरल्यास उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही दुर्युक्त झाल्यास विषवत् होते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण विद्यार्थिदशेपासून शिकलो आहोत. तरीही ‘आयुर्वेदिक औषधाला साइड इफेक्ट नसतो’ हे वाक्य आपल्याच दवाखान्यांतून व दुकानांतून रुग्णाच्या कानी जाते. आमच्या रुग्णेच्या बाबतीत आमची नजर प्रथम परक्या गोळीकडे वळली, त्यामागे हाच समज होता, हे मान्य केले पाहिजे.

काळावरून वर्गीकरण

औषध सुरू होणे व लक्षण दिसणे यांतील अंतर ही निदानाची सर्वांत उपयुक्त एकच गोष्ट आहे.

तात्काळ प्रतिक्रिया औषध घेतल्यापासून काही मिनिटांत ते सुमारे एक तासात, क्वचित काही तासांत दिसते. गांधी, ओठ-पापण्यांची सूज, शिंका, घरघर, उलटी, भोवळ ही तिची लक्षणे. आयजीई नावाचे प्रतिपिंड येथे कारणीभूत असतात.

विलंबित प्रतिक्रिया काही तासांनी, बहुधा दिवसांनी व कधी आठवड्यांनी दिसते. येथे प्रतिपिंडांऐवजी पांढऱ्या पेशी काम करतात. साधे लाल पुरळ पहिल्या वेळी बहुधा चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येते. तेच औषध पुन्हा दिल्यास एक-दोन दिवसांतच येते. स्टीव्हन्स-जॉन्सन हा घातक प्रकार साधारण चौथ्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत, तर ज्वर, चेहऱ्याची सूज, ग्रंथिवृद्धी व यकृतविकार यांसह येणारा गंभीर प्रकार दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. म्हणून ‘काल काय घेतले?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. मागील दोन महिन्यांचा हिशेब घेतला पाहिजे.

निदानपंचकाच्या आधारे परीक्षण

अ) हेतू

औषधांची संपूर्ण यादी हीच येथे हेतुपरीक्षा. रुग्ण औषधाचे नाव सांगत नाही. तो ‘पांढरी गोळी’, ‘लाल कॅप्सूल’, ‘पुडी’ असे सांगतो. घरातील सर्व पाकिटे, बाटल्या व पुड्या एका पिशवीत घालून आणावयास सांगणे ही सर्वांत साधी व खात्रीची युक्ती आहे. पुढील प्रश्न ठरवून विचारावेत.

१. मागील आठ आठवड्यांत कोणकोणती औषधे, कोणत्या तारखेस सुरू व कोणत्या तारखेस बंद झाली?
२. चिठ्ठीशिवाय घेतलेली डोकेदुखी, सर्दी, अंगदुखी, जुलाब यांवरील गोळी कोणती?
३. घरगुती काढा, लेप, तेल, भस्म, शक्तिवर्धक चूर्ण कोणते?
४. इंजेक्शन, लस, सलाइन किंवा एक्स-रेसाठी टोचलेले औषध?
५. पूर्वी हेच औषध घेतले होते काय? त्या वेळी काय झाले?
६. व्यवसाय कोणता? हाताला कशाचा संपर्क असतो?
७. दमा, पूर्वीची गांधी, कुटुंबातील तसा त्रास आहे काय?
८. नव्या औषधाबरोबर नवा आहार, नवे कापड, नवा साबण आला काय?

आमच्याकडून सहावा प्रश्न राहिला होता.

नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका आपल्या परिचयाचा आहे. अशी पुडी चालू असताना प्रतिक्रिया दबून राहते व ती बंद होताच उफाळते. मग त्या दिवशी नव्याने सुरू केलेल्या औषधावर विनाकारण आळ येतो.

आ) पूर्वरूप

तळहात-तळपायांची व टाळूची खाज, जिभेला मुंग्या, ‘काहीतरी विपरीत होत आहे’ अशी अस्वस्थता ही तात्काळ प्रतिक्रियेची पूर्वरूपे होत. विलंबित घातक प्रकारात पुरळ येण्यापूर्वी एक-दोन दिवस ज्वर, घसादुखी व डोळ्यांची जळजळ होते. तिला साधा फ्लू समजून त्याच औषधाची मात्रा वाढविली जाण्याचा धोका येथे असतो.

इ) रूप

गांधी : उंचवटेदार, सकंडू, आणि एक गांध चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून नाहीशी होते. जुनी गांध पेनाने वर्तुळ करून दुसऱ्या दिवशी पाहावी. ती तेथेच असेल तर शीतपित्त म्हणून थांबू नये.

लाल पुरळ : छाती-पाठीपासून सुरू होऊन हातापायांकडे पसरते, दोन्ही बाजूंस सारखे असते.

एकाच जागी येणारा डाग : वर्तुळाकार, जांभळट-काळा, ओठावर, हातापायांवर वा गुह्यांगावर. औषध पुन्हा घेतले की काही तासांत नेमक्या त्याच जागी येतो व मागे काळा डाग ठेवतो. को-ट्रायमॉक्सॅझोल, मेट्रोनिडॅझोल व टिनिडॅझोल, डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामके ही त्याची नेहमीची कारणे. गुह्यांगावरील डाग रुग्ण लाजेने लपवितो किंवा त्याला गुप्तरोग समजून घरात संशय उत्पन्न होतो. ‘यापूर्वी याच जागी आला होता काय? तेव्हा जुलाबाची गोळी घेतली होती काय?’ या दोन प्रश्नांनी एखादा संसार वाचू शकतो.

लवणींतील पुरळ : काखा, जांघा, नितंब व सांध्यांच्या लवणी येथेच येणारे पुरळ. ज्या द्रव्याचा त्वचेला पूर्वी संपर्क घडला आहे तेच किंवा त्याचे सजातीय द्रव्य पोटात गेल्यावर हे विशिष्ट रूप दिसू शकते.

धोक्याची लक्षणे : पुढीलपैकी एकही आढळल्यास निदानाचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. श्वास लागणे, आवाज बसणे, जिभेची सूज, भोवळ, तोंड, डोळे वा जननेंद्रियावरील फोड व सोलवटणे, त्वचा दुखणे वा बोटाने चोळता सुटणे, ज्वरासह चेहऱ्याची सूज, कामला. कार्बामॅझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, अ‍ॅलोप्युरिनॉल व सल्फावर्गीय औषधे घेणाऱ्यांत हे विशेष लक्षात ठेवावे.

ई) उपशय-अनुपशय

ज्या व्याधीची लक्षणे गूढ असतात तो उपशय व अनुपशय यांवरून ओळखावा, असे चरकाचार्य विमानस्थानात सांगतात. आजच्या औषधसुरक्षाशास्त्रात संशयित औषध थांबविल्यावर लक्षण कमी होते काय, आणि ते पुन्हा दिल्यावर परत येते काय, असे दोन मुख्य निकष आहेत. हे उपशय-अनुपशयाचेच उपयोजन होय.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, एकाच वेळी दोन औषधे थांबली तर उपशयाचे श्रेय एकाला देता येत नाही. आमच्या रुग्णेत वेदनाशामक आम्ही बंद केले व वटी आपोआप संपली. आम्ही श्रेय पहिल्यालाच दिले. दुसरी, निदान पक्के करण्यासाठी संशयित औषध दवाखान्यात वा घरी मुद्दाम पुन्हा देऊ नये. तात्काळ प्रतिक्रियेत ते प्राणघातक ठरू शकते व स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या प्रकारात ते सर्वथा निषिद्ध आहे. आमच्या हातून झालेले पुनःप्रयोजन अजाणता झाले. त्याने निदान मिळाले, तथापि त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

उ) संप्राप्ती

शेवटी ‘हे द्रव्य हा त्रास कसे देऊ शकते?’ या प्रश्नाचे उत्तर जुळले पाहिजे. संजीवनी वटीच्या घटकांत विडंग, सुंठ, पिप्पली, त्रिफळा, वचा व गुडूची यांच्यासह भल्लातक व वत्सनाभ आहेत. भल्लातक म्हणजे आपला बिब्बा. तो, काजू आणि आंबा हे तिन्ही एकाच आम्रकुलातील वृक्ष होत. काजूच्या टरफलातील तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल व कार्डॉल, तर बिब्ब्याच्या तेलात भिलावनॉल ही रासायनिक दृष्ट्या जवळची द्रव्ये आहेत. टरफलाच्या तेलाने वर्षानुवर्षे संवेदनशील झालेल्या शरीराला बिब्बा परका राहत नाही. आजरा-चंदगड भागातील काजू फोडणाऱ्या हातांना जे ठाऊक होते ते आमच्या केसपेपरला ठाऊक नव्हते.

आम्ही रुग्णेला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांच्या देखरेखीखाली वेदनाशामक गोळी रीतसर देऊन पाहिली असता काहीही त्रास झाला नाही. जुनी नोंद खोडून ‘बिब्बायुक्त सर्व कल्प वर्ज्य’ अशी नवी नोंद केली आणि चूक आमची होती हे रुग्णेस सांगितले.

आपल्या पेटीतील सावध द्रव्ये

बिब्बा उतणे महाराष्ट्राला नवे नाही. परटाने कपड्यावर केलेल्या बिब्ब्याच्या खुणेमुळे मानेवर व कंबरेवर उठणारा त्वचाविकार दुसऱ्या महायुद्धात येथे आलेल्या परदेशी सैनिकांतही नोंदला गेला. भल्लातक शोधन करूनच वापरावे, पित्तप्रकृती, बालक, वृद्ध, गर्भिणी व उष्ण ऋतू यांत टाळावे, ही ग्रंथोक्त शिस्त आहे. आम्ही मे महिन्यात वटी दिली, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे. बिब्बा हाताळणे, काजू फोडणे किंवा आंब्याचा चीक उतणे असा पूर्वेतिहास असल्यास भल्लातकासव, अमृतभल्लातक, संजीवनी वटी व तत्सम कल्प देऊ नयेत.

गुग्गुळाच्या सेवनाने काहींना पुरळ येते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीतही गुग्गुळसार घेणाऱ्या काही व्यक्तींत अशी प्रतिक्रिया आढळली. गाजरगवताने त्वचाविकार होणाऱ्या शेतकऱ्यांना त्याच कुलातील वनस्पती, उदाहरणार्थ भृंगराज वा अक्कलकारा, देताना जपून द्यावे. बावची घेऊन उन्हात गेल्यावर येणारे फोड मात्र बहुधा अ‍ॅलर्जीचे नसून प्रकाशाच्या संयोगाने झालेल्या दाहाचे असतात.

गुळवेलीची चर्चाही टाळता येणार नाही. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते त्याचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या प्रतिक्रियेसारखे होते. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा आक्षेप घेतला. या वादातून आपण घ्यावयाचा बोध व्यवहारातील आहे : वापरलेल्या द्रव्याचा नमुना व बॅच क्रमांक जपलेला असेल तरच असा प्रश्न सुटतो.

संशयाचे मोजमाप व चाचण्या

१९८१ साली नारांजो व सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची गुणपद्धती मांडली. काळाचा क्रम, औषध थांबविल्यावरचा उतार, पुनःप्रयोजन, इतर कारणांची शक्यता, पूर्वीचा अनुभव इत्यादींवर गुण देऊन ९ किंवा अधिक गुणांस निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ शक्य व ० किंवा कमी गुणांस शंकास्पद मानतात. ही पद्धत सर्व औषधांसाठी आहे, केवळ अ‍ॅलर्जीसाठी नव्हे. तरी केसपेपरवर ‘अ‍ॅलर्जी’ ऐवजी ‘संभाव्य’ किंवा ‘शक्य’ असे लिहिण्याची सवय लागली तरी मोठे काम होईल. पहिल्या भेटीत आम्ही ‘शक्य’ एवढेच लिहिले असते, तर दंतवैद्यांनी निदान एकदा फोन करून विचारले असते.

त्वचेवर टोचून केलेली चाचणी तात्काळ प्रकारासाठी व पाठीवर पट्टी लावून दोन व चार दिवसांनी पाहावयाची चाचणी विलंबित प्रकारासाठी उपयुक्त आहे. या चाचण्या तज्ज्ञांनीच, प्रतिक्रिया शमल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी कराव्यात. टोचण्याच्या चाचणीपूर्वी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद असाव्या लागतात. सर्व औषधांसाठी विश्वासार्ह रक्तचाचणी उपलब्ध नाही. ‘शंभर गोष्टींची अ‍ॅलर्जी एका थेंबात’ अशा जाहिरातींवर रुग्णाला खर्च करू देऊ नये.

आत्ययिक प्रसंग

श्वास, रक्तदाब व त्वचा यांपैकी दोन ठिकाणी एकदम लक्षणे दिसल्यास, किंवा ज्ञात अ‍ॅलर्जीच्या औषधानंतर केवळ रक्तदाब कोसळल्यासही, तीव्र सार्वदेहिक प्रतिक्रिया समजावी. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. येथे पहिले औषध अ‍ॅड्रिनॅलिन. प्रौढांस एक हजारात एक प्रमाणाच्या द्रावणाचे ०.५ मिलि, मांडीच्या मध्यभागी बाहेरील बाजूस स्नायूत. उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. मुलांस प्रति किलो वजनास ०.०१ मिलि. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. श्वास लागत असल्यास बसवावे. एकदम उभे करू नये. अ‍ॅलर्जीची गोळी वा स्टेरॉइड ही नंतरची औषधे होत. त्यांची वाट पाहत अ‍ॅड्रिनॅलिन लांबवू नये. त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटल्यावर काही तासांनी पुन्हा झटका येऊ शकतो, म्हणून रुग्णालयातील निरीक्षण आवश्यकच. आपल्या दवाखान्यातील अ‍ॅड्रिनॅलिनची मुदत आज संध्याकाळी पाहावी, आणि ते देण्याचे प्रशिक्षण नसेल तर आधी घ्यावे.

औषध विक्रेत्यांसाठी

रुग्णाला शेवटचा प्रश्न विचारणारी व्यक्ती आपण असता. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. औषध देण्यापूर्वी ‘कोणत्या गोळीचा पूर्वी त्रास झाला होता?’ हे विचारावे.
२. दुसऱ्या नावाची, पण त्याच घटकाची गोळी देताना तसे स्पष्ट सांगावे. नाव बदलले म्हणून असात्म्यता बदलत नाही. सर्दीच्या संयुक्त गोळ्यांत वेदनाशामक असते, हे रुग्णाला ठाऊक नसते.
३. बिलावर बॅच क्रमांक लिहावा. बिल नसेल तर संशयित द्रव्याचा माग लागत नाही.
४. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील ई-१ सूचीत भल्लातक, वत्सनाभ, जयपाल इत्यादी द्रव्ये आहेत. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पाच्या वेष्टणावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत असावी लागते. असा कल्प ‘पोटासाठी चांगली गोळी’ म्हणून चिठ्ठीशिवाय देऊ नये.
५. अंगावर उठल्याची तक्रार घेऊन ग्राहक आल्यास दुसरी गोळी देऊन वेळ मारून न नेता त्याला वैद्याकडे पाठवावे.

नोंद आणि कळविणे

आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रम २००८ साली जामनगरच्या संस्थेस केंद्र मानून सुरू झाला. पुढे आयुष मंत्रालयाने २०१७-१८ पासून त्याची नव्याने उभारणी केली व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आधुनिक औषधांसाठीचा कार्यक्रम २०१० पासून असून त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कळविण्यासाठी खात्री असावी लागत नाही, संशय पुरेसा असतो. कळविणे म्हणजे स्वतःच्या शास्त्राची बदनामी, ही भीती निराधार आहे. जे शास्त्र आपले व्यापद स्वतः लिहून ठेवते त्यावरच रुग्ण विश्वास ठेवतो. चरकाचार्यांनी तसे ते लिहून ठेवले.

रुग्णास एक लहान कार्ड द्यावे. त्यावर औषधाचे मूळ घटकनाव, प्रतिक्रियेची तारीख, किती वेळाने आली, कोणत्या स्वरूपाची होती, निदान निश्चित की संशयित आणि कोणते पर्याय सोसतात, एवढे सहा मुद्दे असावेत. मराठीत व ठळक अक्षरांत लिहावे. रुग्णाबरोबर घरच्या एका माणसालाही समजावून द्यावे.

उपसंहार

काळाचा क्रम, संपूर्ण यादी, रूपाचे निरीक्षण, उपशयाचा सावध अर्थ व संप्राप्तीची जुळणी या पाच पायऱ्या क्रमाने चढल्यास बहुतेक निदाने दवाखान्यातच होऊ शकतात. यांतील एकही पायरी खर्चिक नाही. आमच्या केसपेपरवर आता ‘व्यवसाय’ हा रकाना नावाच्या लगेच खाली छापलेला आहे. ती रुग्णा यंदाच्या सीझनलाही येऊन गेली. हातमोजे वापरते, हात पुष्कळ बरे आहेत. तिच्या पर्समधील कार्डाच्या कडा झिजल्या होत्या. आम्ही तिला नवे कार्ड लिहून दिले.